भाकरीचं धोरण

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. तिथली रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढते. माणसाला भाकरी देते, जनावराला कडबा. अम्मी भाकरी थापू लागली की शेजारीपाजारी आवाज जायचा.

मग ज्वारी मागे का पडली? १९६५ साली कृषी मूल्य आयोग आणि अन्न महामंडळ आलं. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. त्यानं देशाची भूक भागवली, हे ऋण मोठंच आहे. पण सरकारी खरेदी मुख्यतः गहू-तांदळाचीच राहिली. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, घ्यायला मात्र सहसा कुणी येत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, तशा आमच्या घरातल्या भाकरी घटल्या. अब्बांनी शेवटी ऊस लावला. बोअर आटली तेव्हा म्हणाले, "पाऊस तोच आहे बेटा, पीक आपण बदललं."

२०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं. भाषणं झाली, मेळावे झाले. शेतकऱ्याला मात्र खरेदीचा काटा हवा आहे.

यंदा अब्बांच्या रानात मी पुन्हा मालदांडी पेरली. तालुक्याला हमीभावाचा काटा लागला, तर शेजारीही पेरतील.