टाकलेल्या लेकीचा वकील



सरकार खर्च कापायला निघाले की कात्री गरिबाच्या वकिलावर चालते. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही एप्रिल २०१३ पासून घटस्फोट, मुलांचा ताबा अशा बहुतेक खटल्यांत सरकारी खर्चाने वकील मिळणे बंद झाले. छळाचा पुरावा असेल तर अपवाद. बाकीचे कोर्टापुढे एकटे.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. पोटगीचा अर्ज माहेरी राहून तिथल्या कोर्टात करता येतो. मग लेकीच्या वकिलासाठी बापाने पडत्या भावात कापूस का विकावा?

आम्ही भीक मागत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, पोच घ्या. वापरातला हक्क कापताना सरकारचाही हात कचरतो.