आपली पिशवी आपल्या पाठीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही वक्ती नव्हे. मंडळात माझी ओळख दिवाळीच्या भाजणीचा हिशेब ठेवणारी म्हणून. पण ज्या मैत्रिणीबरोबर हा प्रवास केला ती आज मागच्या रांगेत बसली आहे आणि तिनेच मला गळ घातली. 'नाव मात्र घेऊ नकोस,' अशी तिची ताकीद आहे. ती मी पाळणार आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर अठरा दिवस फिरलो. यात्रा कंपनी नाही, बरोबर पुरुषमाणूस नाही. पाठीवर एकेक पिशवी आणि सगळा प्रवास बसने. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची, मी एकोणसाठ. तिचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्या दोन वर्षांत ती घराबाहेर पडली ती भाजीपुरतीच. तिला बाहेर काढायचे, एवढाच माझा हेतू होता.

तयारी म्हणून आम्ही दोन महिने पहाटे पर्वती चढत होतो. पिशवीत वजन हवे म्हणून पाच-पाच किलो तांदूळ भरले होते. एक ओळखीचे गृहस्थ विचारते झाले, 'देवाला एवढा शिधा रोज?' मी हसले. पण मैत्रीण म्हणाली, 'देवाला नव्हे, पाठीला.' ती विनोद करू शकते हे मी विसरलेच होते.

त्या देशात उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाण्याचा कोणताही जिन्नस बरोबर असला तर अर्जावर तसे लिहावे लागते. न लिहिता नेला आणि सापडला, तर तेव्हा जागच्या जागी ४०० डॉलर दंड होत असे. बाहेरची कीड आपल्या शेतात येऊ नये म्हणून ही दक्षता. चपला-बुटांना लागलेली मातीसुद्धा पाहतात. आम्ही मेतकूट, गोडा मसाला आणि लसणीची चटणी, सगळे लिहिले. अधिकारीबाईंनी मेतकुटाची पुडी वास घेऊन पाहिली आणि हसून परत दिली.

ख्राइस्टचर्चहून बस निघाली. या बेटावर आगगाड्या फारच थोड्या, म्हणून गाडी न चालवणाऱ्याला बसच आधार. सामान पोटातल्या कप्प्यात ठेवायचे. चालकच तिकीट पाहतो आणि वाटेत ध्वनिक्षेपकावरून नदी-डोंगरांची माहितीही सांगतो. उतरताना प्रत्येक उतारू त्याला 'थँक यू' म्हणून उतरतो. पहिल्या दिवशी आम्हांला गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. पुण्यात परत आल्यावर मी तसे म्हटले तेव्हा कंडक्टर दचकलाच.

पहिला मुक्काम टेकापो सरोवराकाठी. पाणी निळे म्हणावे तर निळे नाही, हिरवे म्हणावे तर हिरवे नाही. कारण मोठे मजेचे आहे. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतात. ते पीठ इतके बारीक की पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहते आणि त्यावर ऊन पडले की हा रंग दिसतो. काठावर जांभळ्या-गुलाबी ल्युपिन फुलांचे ताटवे होते. तिथे दिवस मोठा. नऊ वाजले तरी उजेड. अंधार पडल्यावर बाहेर आलो तो मृग नक्षत्र उलटे! दक्षिण गोलार्धात ते तसेच दिसते. मैत्रीण बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिली.

पुढे आओराकी, म्हणजे माउंट कुक. त्या देशातले सर्वांत उंच शिखर, ३,७२४ मीटर. एव्हरेस्टवीर हिलरी १९४८ मध्ये याच शिखरावर चढले होते. पण मला आपल्या मंडळात सांगावीशी वाटते ती फ्रेडा द्यू फोर या ऑस्ट्रेलियन बाईंची गोष्ट. अविवाहित बाईने परक्या वाटाड्याबरोबर डोंगरात एकटीने रात्र काढली तर तिचे नाव जाईल, असे लोकांनी तिला बजावले. म्हणून आरंभी तिला सोबत म्हणून एक हमाल न्यावा लागला. ३ डिसेंबर १९१० रोजी ती शिखरावर पोहोचली. तिथे पोहोचलेली पहिली स्त्री.

मिलफर्ड साउंडला जाताना होमर बोगदा लागतो. १९३५ च्या मंदीत बेकारांना काम म्हणून कुदळ-फावड्यांनी सुरू झालेले हे काम १९५४ मध्ये वाहतुकीला खुले झाले. बोगदा सव्वा किलोमीटरचा. आम्ही बाहेर पडलो तो धो धो पाऊस. आम्ही हिरमुसलो, चालक मात्र म्हणाला, तुम्ही नशीबवान आहात. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या तोडीचा. पाऊस आला की उभ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुरू होतात आणि थांबला की काही तासांत नाहीसे होतात. त्या दिवशी आम्ही छत्री मिटूनच उभ्या राहिलो.

आता मुख्य गोष्ट. ही सांगायची की नाही, यावर आमचा आठ दिवस वाद चालला होता.

वानाका गावाहून पश्चिम किनाऱ्याला फ्रान्झ जोसेफपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर. त्या बाजूला जाणारी बस दिवसातून एकच. मी अर्धा तास आधी दोघींना थांब्यावर उभे केले. बसची वेळ झाली, टळली. मग तिकीट नीट वाचले तर थांबा दुसऱ्याच रस्त्यावरचा! ज्या थांब्यावर उतरलो तिथूनच बस सुटणार, असे मी गृहीत धरले होते. चूक सर्वस्वी माझी. पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले, इथली खोली सोडलेली. मी पिशवीवर बसले आणि मला रडूच कोसळले.

मैत्रीण दोन मिनिटे गप्प होती. मग हात पुढे करून म्हणाली, 'पाकीट दे. माझा पासपोर्टही दे.'

दोघींचे पासपोर्ट, पैसे, तिकिटे, सगळे पहिल्या दिवसापासून माझ्या कमरेच्या पिशवीत होते. हरवू नये म्हणून. मी दिले. ती एकटीच परत वसतिगृहाकडे गेली. तासाभराने आली ती हातात दोन कागद घेऊन. आपल्या मोडक्या इंग्रजीत तिने तिथल्या बाईंना सारे सांगितले, त्या रात्रीच्या दोन खाटा मिळवल्या, दुसऱ्या दिवसाची तिकिटे काढली आणि पुढच्या मुक्कामाला फोनही केला. मी म्हटले, 'अगं, तुला हे जमतं हे मला माहीतच नव्हतं.'

ती म्हणाली, 'मला तरी कुठे माहीत होतं? तीस वर्षं पाकीट त्यांनी सांभाळलं. आता तू सांभाळतेस. मी कधी सांभाळायचं?'

मला ते फार लागले. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तिने मुगाची खिचडी केली, मी ताटे घेतली, एवढेच. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला. कोणत्या गावी राहायचे, काय पाहायचे, किती वाजता उठायचे, हे सगळे मीच ठरवत होते. तिच्या दुःखाची काळजी घेता घेता मी तिला जिथे होती तिथेच बसवून ठेवले होते. पिशवी तेवढी तिच्या पाठीवर दिली. बाकी सारे माझ्या हातात.

सकाळी मी तिचा पासपोर्ट परत मागितला नाही. तिकिटे तिच्याकडे आणि हिशेबाची वही माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

हास्ट खिंडीचा तो रस्ता १९६५ मध्ये पुरा झाला. एका बाजूला घनदाट रान, दुसरीकडे समुद्र. फ्रान्झ जोसेफच्या हिमनदीला माओरी लोक हिने हुकातेरेचे अश्रू म्हणतात. तिचा प्रियकर डोंगरात हिमकड्याखाली गेला. ती रडली आणि तिचे अश्रू गोठून नदी झाली, अशी कथा. २००८ पासून ती हिमनदी झपाट्याने मागे हटत आहे. आम्ही दुरूनच पाहिली. मैत्रीण इतकेच म्हणाली, 'वितळू लागलेत.' मी काही बोलले नाही.

अखेरीस ख्राइस्टचर्चला परत आलो. एव्हन नदीकाठी केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारिणींचे स्मारक आहे. तिथे जायचे मैत्रिणीने ठरवले होते. १९ सप्टेंबर १८९३ रोजी न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. स्वतंत्र राज्यकारभार असलेल्या देशांत सर्वांत आधी. आम्ही गेलो ते त्याचे १२५ वे वर्ष. त्यासाठी जवळजवळ ३२,००० स्त्रियांनी सह्या केल्या होत्या. मुख्य अर्जाची पाने एकाला एक चिकटवून २७० मीटरांची गुंडाळी झाली. ती गुंडाळली होती झाडूच्या दांड्याला! हे वाचून आम्ही दोघी तिथे उभ्या उभ्या हसलो. पुढे वाटले, त्या ३२,००० जणींपैकी प्रत्येकीने सही मात्र स्वतःच केली. ती कोणी तिच्या वतीने केली नाही.

भगिनींनो, आपल्या आळीत, आपल्या नात्यात अशा कितीतरी जणी आहेत. आपण त्यांचे बँकेचे काम करून देतो, तिकीट काढून देतो, 'तू बस, मी करते' म्हणतो. ते प्रेमानेच. पण एकदा पाकीट त्यांच्या हाती देऊन आपण पिशवीवर बसून पाहावे. बस चुकेल कदाचित. दुसऱ्या दिवशी दुसरी असते.

माझी मैत्रीण आता उत्तराखंडला निघाली आहे. तिकिटे तिने काढली आहेत. मला किती वाजता कुठे उभे राहायचे ते ती कळवणार आहे. थांबा मात्र मी या खेपेस दोनदा वाचीन.