"टाकी एकदाही उपसावी लागली नाही!"

कोकणात जुनं घर घ्यायचं म्हटलं की लोक सातबारा बघतात, छप्पर बघतात, आंब्याची कलमं मोजतात. संडासाची टाकी शेवटी आठवते. आणि मग प्रश्न येतो, "घर आवडलंय हो, पण सेप्टिक टँकचा घोळ आहे. घ्यावं का?"

वास येतोय, पाणी तुंबतंय, एवढ्यावरून घर सोडू नका. टाकी गाळाने भरली असेल, पाइपात मुळं शिरली असतील. तो दुरुस्तीचा खर्च आहे, किमतीतून वजा करून घ्यायचा.

मला जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच वाक्याची. मालक अभिमानाने सांगतात, "वीस वर्षांत टाकी एकदाही उपसावी लागली नाही!" आता वापरातल्या टाकीत गाळ साठणारच, साधारण दोन-तीन वर्षांनी तो काढावा लागतो. मग इतक्या वर्षांचा गेला कुठे? एक तर शोषखड्ड्यात जाऊन बसलाय, नाहीतर ती मुळात टाकीच नाही. चिऱ्याने बांधलेला, तळ न केलेला खड्डा आहे. जांभा सच्छिद्र, त्यात भेगा. सगळं गुपचूप खाली जातं. देशावर काळ्या मातीत उलटं, तिथे पाणी मुरत नाही, अंगणात वर येतं. घाण वाटते, पण कळतं तरी. जांभ्यात वर काही दिसत नाही, आणि खाली विहीर असते.

म्हणून टेप घेऊन जा. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर अंतर हवं असं भारतीय मानक सांगतं, म्हणजे साधारण साठ फूट. गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची विहीरही मोजा, हे बहुतेक जण विसरतात. उतार कुणीकडे आहे ते बघा. आणि भेगाळ कातळात साठ फूटही पुरतीलच असं नाही, त्यामुळे पाणी तपासून घ्या. मे महिन्यातला चांगला रिपोर्ट मी तरी पुरेसा धरणार नाही. जुलैत विहीर तुडुंब भरते, भूजल खड्ड्याच्या तळापर्यंत चढतं, तेव्हाचा नमुना द्या. "उकळून पिऊ की" म्हणाल, तर जंतू मरतील, नायट्रेट जात नाही.

आणखी एक. घरापर्यंत पाखाडीच असेल तर गाळ ओढणारी गाडी येणार कशी? नळी किती लांब पोचते ते गाडीवाल्याला आधीच विचारा. "गडी उतरवू आत" हे उत्तर चालणार नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि त्या वायूने माणसं मरतात.

मग घ्यायचं की नाही? विहिरींपासून लांब, उताराच्या बाजूला नवी टाकी आणि शोषखड्डा बसेल एवढी जागा असेल, तर घ्या. गवंड्याकडून अंदाजपत्रक काढा, तेवढी रक्कम कमी करायला सांगा. पण परडं चिंचोळं, चारी बाजूंना विहिरी, नळाचं पाणी नाही, असं असेल तर माझं उत्तर नाही. पैसे घालूनही जागा वाढत नाही.

आणि हे सगळं इसार देण्याआधी. मालक म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत कोण थांबणार?", तर पाण्याच्या रिपोर्टची अट साठेखतात लिहून घ्या. लिहायला तयार नसतील, तर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.