सावलीची वाटणी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



उष्णतेच्या लाटेला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणतो. ऊन निसर्गाचे खरे. परंतु ते कोणाच्या डोक्यावर किती पडावे, हे माणसेच ठरवितात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सरकारी सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. मंचावर छत होते, श्रोत्यांवर नव्हते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६ अंशांवर गेला आणि एरवीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. आगाऊ इशारे, पिण्याचे पाणी, दवाखान्यांची सज्जता, हे सारे स्वागतार्हच. पण ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला हातगाडीवाल्याने पाळावा कसा? आणि घरी तरी काय आहे? दिवसभर पत्रा तापतो. भोवतालचे काँक्रीट शोषलेली उष्णता रात्री सोडते. शरीराला विसावा मिळतच नाही. मुंबईच्या दमट हवेत घामही वाळत नाही. अशा वस्तीत झाड ही शोभेची वस्तू नव्हे. नळाच्या पाण्याइतकीच ती आरोग्याची निकड आहे.

मग झाडांसाठी जमीन कुठे आहे, असे विचारले जाते. जमीन होती! मुंबईतील गिरण्यांच्या सुमारे ६०० एकरांसाठी १९९१ च्या नियमावलीने ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते : मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ साली नियम बदलला. गिरणी पाडून रिकामी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली. आधीपासून मोकळी असलेली तेवढी उरली. गिरणीच्या आवारात ती असणार कितीशी? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मालकांविरुद्ध दिलेला कौल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. लालबाग-परळच्या चाळींच्या वाट्याला यावयाच्या जागी मनोरे उभे राहिले. त्यांच्या वातानुकूलनाची गरम हवाही चाळींच्याच रस्त्यावर येते.

जे गेले त्याचा शोक पुरे. वृक्षतोडीपूर्वी जाहीर सूचना व हरकतींची तरतूद १९७५ च्या राज्य कायद्यात आहे. प्रत्येक शाखेने या सूचना वाचाव्यात, मुदतीत हरकती नोंदवाव्यात. भरपाई म्हणून दूर कुठे तरी लावलेले रोप यंदाच्या उन्हाळ्यात कोणालाही सावली देत नाही, हे सुनावणीत ठणकावून सांगावे. आणि अनेक गावांत भर दुपारी बागेच्या फाटकाला कुलूप असते. ते काढावयास निधी लागत नाही. ही मागणी घेऊन मार्च उजाडण्यापूर्वीच पालिकेवर जावे.