अंगणाची फरसबंदी : बचत कोठे करावी, कोठे करू नये



घराच्या भिंती उभ्या राहतात, छप्पर पडते आणि मग उरलेल्या पैशांत अंगणाचे काम उरकले जाते. धायरीसारख्या झपाट्याने वाढलेल्या गावात ही अडचण अनेक कुटुंबांपुढे उभी राहते. २०१७ साली शासनाने जी ११ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट केली, त्यांत धायरी होती. शेणाने सारवलेल्या अंगणाची जागा आता शहाबादी फरशीने व सिमेंटच्या ठोकळ्यांनी घेतली आहे. हा खर्च कमी करण्यासाठी स्वस्त दगड शोधणे हा मार्ग नव्हे. फरशी गरजेपुरतीच घालावी आणि तिच्याखालची जमीन नीट तयार करावी, यातच खरी काटकसर आहे.

पहिली बचत मोजमापात आहे. २० फूट लांब व १५ फूट रुंद अंगण ३०० चौरस फूट, म्हणजे ३ ब्रास भरते. घरालगत ४ फूट रुंदीचा पट्टा आणि तेथून फाटकापर्यंत तेवढ्याच रुंदीची पायवाट केली, तर १२४ चौरस फूट फरशी पुरते. निम्म्याहून अधिक खर्च येथेच वाचतो. उरलेल्या १७६ चौरस फूट मोकळ्या मातीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ८०० लिटर पाणी येते. ते सगळे मुरत नसले, तरी जेवढे मुरेल तेवढे रस्त्यावर व शेजाऱ्याच्या दारात जात नाही.

पायाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट बसविलेली फरशी लवकरच डुगडुगू लागते. यास्तव माती काढून, सुमारे ४ इंच मुरूम दोन थरांत पसरावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा आणि वर दीड इंच दगडी कच घालावी. घराकडून बाहेर, दर ४ फुटांस १ इंच उतार ठेवावा. घराच्या पायातून निघालेला मुरूम त्याच आवारात वापरल्यास वाहतूक वाचते. परवान्यावाचून टेकडी पोखरून मुरूम आणणे मात्र बेकायदेशीर आहे, कारण ते गौण खनिज आहे.

दगडाची निवड दारापर्यंतचा एकूण खर्च पाहून करावी. काळा पाषाण पुणे परिसरातच मिळतो. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या चौकांत त्याचीच फरसबंदी दिसते. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते, म्हणून दोन-चार घरांनी मिळून एक गाडी मागविणे फायद्याचे ठरते. विक्रेत्याकडे उरलेले वेडेवाकडे तुकडे पायवाटेस उत्तम चालतात. गुळगुळीत फरशी पावसात निसरडी होते, म्हणून घरात वृद्ध माणसे असल्यास खडबडीत पृष्ठभागच घ्यावा. सिमेंटचे ठोकळे घ्यावयाचे असल्यास नुसत्या चालण्याच्या जागी ५० व हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडी पुरेशी होते. त्याहून जाड ठोकळे म्हणजे व्यर्थ खर्च होय.

सांधे सिमेंटने न भरता कचेने भरावेत. त्यातून पाणी झिरपते. पुढे नळ दुरुस्त करण्याची वेळ आली, तर दगड न फोडता उचलून पुन्हा बसविता येतात. एकदा घेतलेला दगड असा अनेक वर्षे उपयोगी पडतो.

हा प्रश्न केवळ एका घराच्या खर्चाचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसांचे बळी घेतले. त्या आपत्तीमागे अनेक कारणे होती. तथापि, जमीन जितकी झाकली जाते तितके पाणी अधिक वेगाने ओढ्याकडे धावते, हा धडा प्रत्येक वाढत्या गावाने घेण्यासारखा आहे.

म्हणून पंचायत सदस्यांनी शाळा, चावडी व मंदिर यांच्या आवाराचे अंदाजपत्रक मंजूर करताना दोन गोष्टी विचाराव्यात : किती जागा मोकळी राहणार आणि पाणी कोठे जाणार? शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेचे अंगण मोजून घ्यावे व हाच हिशेब करून घ्यावा. अधिकाऱ्यांनी वरची फरशी पाहण्याआधी खालचा मुरूम पाहावा. फरशीखाली जे दडलेले असते, त्यावरच तिचे आयुष्य अवलंबून असते.