जॉन डन्स्टेपल : मायभूमीत हरवलेला संगीतकार

इसवी सन १४५३ हे साल युरोपच्या इतिहासात दोन घटनांनी गाजले. मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले आणि जुलैमध्ये कास्तियोंच्या रणांगणावर इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील शतवार्षिक युद्धाची अखेर झाली. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनमध्ये साठी उलटलेला एक गृहस्थ निवर्तला. संत स्टीफन वॉलब्रुक या देवालयात त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्या थडग्यावर लॅटिन श्लोक कोरले गेले, आणि सेंट ऑल्बन्सच्या मठाचे अधिपती जॉन व्हेदमस्टेड यांनीही त्याच्यावर एक मृत्युलेख रचून त्याची तुलना थेट टॉलेमीशी केली. गवयाची तुलना ज्योतिर्विदाशी! परंतु जॉन डन्स्टेपल हा खरोखरच दोन्ही होता. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ज्योतिषविषयक लिखाणाचे एक जुने हस्तलिखित आहे. ते बेडफर्डच्या ड्यूकच्या पदरी असलेल्या डन्स्टेपल नामक संगीतज्ञाचे होते, अशी नोंद त्यात आढळते.

डन्स्टेपलचा जन्म १३९० च्या सुमाराचा. त्याचा आश्रयदाता बेडफर्डचा ड्यूक जॉन हा पाचव्या हेन्री राजाचा भाऊ. हेन्री १४२२ मध्ये वारल्यानंतर फ्रान्समधील इंग्रजांच्या ताब्यातील मुलखाचा कारभार हा ड्यूक तान्ह्या राजाच्या वतीने पाहू लागला आणि १४३५ मध्ये रुआं येथे मरण पावेपर्यंत पाहत राहिला. जोन ऑफ आर्कला याच रुआं शहरात १४३१ मध्ये जिवंत जाळण्यात आले, हे बहुतेकांस ठाऊक आहे. डन्स्टेपलला पुढे राजमाता जोन हिच्याकडून वर्षासन मिळाले, नॉर्मंडीत जमिनी मिळाल्या आणि १४३८ च्या सुमारास ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री याच्या घरच्या मंडळींत त्याची गणना होऊ लागली. तात्पर्य, तो दरबारी मनुष्य होता, आणि ज्या युद्धाने दोन राष्ट्रांची राखरांगोळी केली त्याच्याच पाठीवर बसून त्याचे संगीत समुद्रापलीकडे गेले.

त्या संगीतात नवे ते काय होते? आपल्या अभिजात गायनात एक मुख्य गळा आणि त्याला साथ अशी रीत आहे. पश्चिमेच्या देवालयांत मात्र अनेक कंठांनी एकाच वेळी निरनिराळ्या चाली गाण्याची प्रथा बाराव्या-तेराव्या शतकापासूनच बहरली होती. अशा वेळी कोणते स्वर एकत्र वाजू द्यावयाचे हा कळीचा प्रश्न असतो. जुन्या शास्त्रकारांनी षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम आणि षड्ज व तार षड्ज यांना पूर्ण संवादी मानले. षड्ज-गांधाराची जोडी मात्र त्यांनी दुय्यम ठरविली. त्याला कारणही होते. पायथागोरसच्या परंपरेने पंचमावर पंचम रचीत गेल्यास जो गांधार हाती लागतो त्याचे षड्जाशी प्रमाण ८१:६४ असे येते, आणि तो किंचित चढा व खरखरीत वाटतो. नैसर्गिक गांधाराचे प्रमाण ५:४. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे नीट कान दिल्यास जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच. इंग्लंडातील गायकांना या गोड गांधाराची आवड फार पूर्वीपासून होती. पॅरिसचे पंडित ज्याला दुय्यम म्हणत, ते इंग्रज गवई गळ्यावर खेळवीत.

डन्स्टेपलने या लोकरुचीला शास्त्राची शिस्त दिली. त्याच्या रचनांत गांधार आणि धैवत यांच्या अंतरांचा सढळ वापर आहे आणि विसंवादी स्वर अगदी मोजून-मापून, जाता जाता डोकावतात. गोव्याचा मांडो ज्यांनी दोन आवाजांत ऐकला असेल त्यांना या गोडव्याची कल्पना चटकन येईल. अर्थात्, मांडोचा डन्स्टेपलशी काही नातेसंबंध नाही. ही केवळ कानाला पटणारी खूण आहे.

‘क्वाम पुल्क्रा एस’ ही त्याची तीन आवाजांची रचना, शब्द बायबलमधील ‘गीतरत्ना’चे. तिन्ही आवाज बहुतेक एकत्रच अक्षरे उच्चारतात, त्यामुळे शब्दन् शब्द कळतो. त्या काळी ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती. कित्येक रचनांत दोन-तीन वेगवेगळी काव्ये एकदम गाइली जात, आणि ऐकणाऱ्याने एक धरावे तर दुसरे सुटावे अशी गत होई. याच्या उलट ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ हे चार आवाजांचे पवित्र आत्म्याचे आवाहन. तेथे डन्स्टेपलमधला गणिती जागा होतो. एका प्राचीन स्तोत्राची चाल संथ स्वरांत पायासारखी घातलेली आहे आणि ती तीन फेऱ्यांत येते. पहिल्या फेरीत ज्या स्वराला तीन मात्रा, त्याला दुसरीत दोन आणि तिसरीत एक. वर मात्र इतर आवाज असे मोकळेपणी विहरतात की खालचा हिशेब कानाला कोठेही टोचत नाही. हिशेब आणि हर्ष यांचा असा मेळ फार थोड्यांना साधला आहे.

फ्रान्स आणि बर्गंडीच्या संगीतकारांवर या शैलीची मोहिनी पडली. १४४० नंतर लवकरच मार्तां ल फ्रां या कवीने बर्गंडीच्या ड्यूकला अर्पण केलेल्या दीर्घ काव्यात लिहिले की द्युफाय आणि बँश्वा यांनी इंग्रजांची ढब उचलली आणि डन्स्टेपलचे अनुकरण केले. पुढे नेपल्सच्या दरबारातील शास्त्रकार टिंक्टोरिस यानेही नव्या कलेचा उगम इंग्रजांत दाखवून त्यांच्या अग्रभागी डन्स्टेपलला बसविले. शत्रूच्या मुलखातून अशी पावती मिळणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आणि स्वदेशात? तेथे निराळेच घडले. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडून काढले; त्यांच्या ग्रंथसंग्रहांची धूळधाण झाली. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू झाले आणि लागलीच जुने लॅटिन पूजाग्रंथ नष्ट करण्याचा कायदा आला. संगीताच्या वह्या फाडल्या गेल्या, त्यांची चामडी पाने इतर पुस्तकांच्या बांधणीत गेली. १५९७ मध्ये टॉमस मॉर्ली या नामांकित संगीतकाराने डन्स्टेपलचे नाव काढले ते हिणविण्यासाठी : या गृहस्थाने म्हणे एका शब्दाच्या ऐन मध्यावर दीर्घ विराम घातले! मॉर्लीची टीका त्या जागेपुरती खरी असेल, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या थोर पूर्वजाची आठवण केवळ एवढ्यावर उरावी, हे खेदजनकच. १६६६ च्या महाआगीत संत स्टीफनचे जुने देवालयही भस्मसात झाले. सर क्रिस्टोफर रेन यांनी ते नव्याने बांधले, पण थडग्यावरचे श्लोक गेले ते गेलेच. सुदैवाने कोणी तरी ते आधीच उतरवून ठेवले होते, म्हणून १९०४ मध्ये ते पुन्हा तेथे लावता आले.

संगीत मात्र परक्यांनी जपले. उत्तर इटलीतील ट्रेंट, आओस्ता, मोडेना येथील हस्तलिखितांत डन्स्टेपलच्या बहुतांश रचना सापडल्या. ट्रेंटच्या सहा जाड पोथ्या १८९१ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने विकत घेऊन व्हिएन्नाला नेल्या; पहिल्या महायुद्धानंतर त्या पुन्हा स्वस्थानी आल्या. या पोथ्यांच्या लेखनिकांना इंग्रज नावांची फारशी पत्रास नव्हती. कित्येक पानांवर त्यांनी नुसते ‘इंग्रज’ एवढेच लिहून भागविले, आणि एकच रचना एका पोथीत डन्स्टेपलच्या तर दुसरीत लिओनेल पॉवर या त्याच्या समकालीनाच्या नावावर घातली. ‘रेक्स सेक्युलोरुम’ या मिसेचा वाद अशाच घोटाळ्यातून उभा राहिला. इंग्लंडात जी एक मोठी वही वाचली, ती ओल्ड हॉल हस्तलिखित म्हणून प्रसिद्ध आहे आणि १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत ‘वेनी सांक्ते’ आहे, पण कर्त्याचे नाव नाही!

हे सारे विखुरलेले धन गोळा केले ते जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मानफ्रेड बुकोफ्त्सर या विद्वानाने. डन्स्टेपलच्या मृत्यूला पाचशे वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, १९५३ मध्ये, ‘म्युझिका ब्रिटानिका’ या मालेचा आठवा खंड म्हणून समग्र डन्स्टेपल छापून बाहेर पडला. सुमारे पन्नास रचना त्यात आहेत. पुढे गायकवृंदांनी त्या गाइल्या, ध्वनिमुद्रिका निघाल्या. ज्यांना त्यांची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनी ‘क्वाम पुल्क्रा एस’पासून आरंभ करावा. ती काही मिनिटांतच संपते. पहिल्यांदा फक्त सर्वांत वरचा आवाज धरावा, दुसऱ्यांदा सर्वांत खालचा. तिसऱ्यांदा मधला आवाज आपण होऊन ऐकू येऊ लागतो.