कोऱ्या वहीनंतरचे दान



भगवान ऋषभदेवांनी आपली कन्या ब्राह्मी हिला लिपी शिकविली, असे जैन परंपरा सांगते. लेखनविद्येचा पहिला पाठ पित्याने लेकीला जवळ बसवून दिला, हे या कथेचे मर्म आहे. लालबाग-परळच्या चाळींतील अनेक मुलांच्या वाट्याला नेमके हे जवळ बसणेच येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पुढे एकेक करून बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले. कापडावर पोसलेल्या या वस्तीत कायम नोकरीची जागा अनेक घरांत रोजंदारीने आणि घरकामाने घेतली. आईवडील दिवसभर बाहेर. सायंकाळी एका खोलीत वही उघडण्यापुरतीही जागा नसते. अशा घरातील मूल शाळेत 'ग म भ न' गिरविते, फळ्यावरचा मजकूर वळणदार अक्षरांत उतरविते. वही भरते, शेरा मिळतो. परंतु 'काल घरी काय झाले ते लिही' असे म्हणताच तेच मूल पेन्सिल चावीत बसते. अक्षर हाताला आले. लेखन मनाला आले नाही.

१९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेने एक साधे सूत्र देशापुढे ठेवले: मुलाची इयत्ता न पाहता त्याला काय येते ते पाहावे आणि तेथूनच शिकवावे. लेखनालाही हेच लागू पडते. मुलाने आधी बोलावे. बाईंनी त्याचेच वाक्य फळ्यावर लिहावे. त्याने ते वाचावे, उतरवावे आणि मग स्वतःचे एक वाक्य जोडावे. मालवणी बोलणाऱ्या घरातील मूल 'माका भूक लागली' असे लिहील. तेथे लाल शाईची फुली पडली, तर पुढचे वाक्य उमटणारच नाही. वाक्याचे कौतुक करून शेजारी 'मला' लिहून दाखविले, तर घरची बोलीही राहते आणि पुस्तकाची भाषाही येते. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे यांतील दुरुस्तीही एका वेळी एकच असावी.

हे शिक्षण परीक्षेपुरते नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज दुसरा लिहितो आणि त्याचे म्हणणेही दुसराच ठरवितो. जनरल पोस्ट ऑफिसबाहेर बसणाऱ्या लेखनिकांच्या कानी आपले सुखदुःख घालून कित्येक कष्टकऱ्यांनी गावी पत्रे धाडली. त्यांच्या नातवंडांवर ती पाळी येऊ नये.

जून महिन्यात वह्यांचे वाटप करणे, ही समाजाची स्तुत्य प्रथा आहे. तथापि कोरी वही हे अर्धेच दान होय; उरलेले अर्धे वेळेचे आहे. आठवड्यातून एकदा, दुकान वाढविल्यावर, एखाद्या मुलाशेजारी तासभर बसून त्याचे ऐकणारा आणि त्याने लिहिलेले वाचणारा माणूस मिळाला, तर त्या वहीचे सार्थक होईल. लिहिणाऱ्याला प्रथम वाचणारा हवा असतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात हा संकल्प जमेच्या बाजूस लिहिला जावा, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!